कॉन्व्हिक्ट लेकवर कयाकमधून ट्राउट गरवताना

कॅलिफोर्नियाच्या पूर्व सिएरा नेवाडात, ३९५ क्रमांकाच्या महामार्गापासून दोनेक मैल आत गेले की कॉन्व्हिक्ट लेक लागते. सुमारे एक मैल लांब, अर्धा मैल रुंद आणि सर्वांत खोल जागी १४० फूट, एवढाच ह्या तळ्याचा जीव आहे. मात्र त्याच्या पाण्याची पातळीच समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांच्या वर असल्यामुळे १,६४६ मीटरांचे कळसूबाई शिखर आणून शेजारी उभे केले, तर तळे त्याच्या डोक्यावरून साडेसहाशे मीटर उंच राहील. दक्षिणेला माउंट मॉरिसनचे कडे ३,७०० मीटरांच्या पलीकडे चढत जातात. १८७१ साली नेवाडातील कार्सन सिटीच्या तुरुंगातून पळालेल्या कैद्यांना पाठलाग करणाऱ्या तुकडीने ह्याच भागात गाठले आणि त्या चकमकीत तुकडीतला रॉबर्ट मॉरिसन मारला गेला; तळ्याला कैद्यांचे नाव पडले, डोंगराला मॉरिसनचे.

लॉस एंजेलिसहून हे ठिकाण मोटारीने पाचेक तासांवर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने येणाऱ्यांना योसेमिटीतून टायोगा खिंड ओलांडून येता येते, परंतु ती खिंड हिवाळ्यात बंद असते आणि बहुधा मे अखेरीस किंवा जूनमध्ये उघडते, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला यायचे तर मोठा वळसा घालावा लागतो. इकडे स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे उन्हाळ्यात जवळच्या मॅमथ लेक्स गावी मुक्कामाला येतात आणि त्यांतले कोकणातले लोक तळे पाहिले की आधी मासे किती आहेत, हे विचारतात. मी स्वतः खाडीच्या काठावर गरी टाकून गरवायला शिकलो. ज्यांना गरवता येते परंतु जे कयाकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीत, कधी बसलेले नाहीत, अशांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे, कारण ह्या तळ्यावर चूक करतात ती बहुतेक हीच मंडळी, आणि त्यांच्यात एके काळी मीही होतो.

वाऱ्याची वेळ

खाडीवर आपण भरती-ओहोटी पाहून निघतो. इथे भरती नाही, परंतु वारा आहे, आणि तो जवळपास तितकाच नेमाने येतो. पहाटे तळे आरशासारखे असते. ऊन चढून खालची दरी तापू लागली की हवा हलू लागते, आणि दुपारकडे सिएराच्या माथ्यावरून येणारा पश्चिमेचा वारा तळ्याच्या वरच्या टोकाच्या घळीतून खाली उतरतो. दोन्ही बाजूंना कडे असल्यामुळे तो सरळ वाहत नाही. कड्यावर आपटून वळतो, मध्येच थांबतो आणि मग एकदम आडवा झोत येतो. म्हणून उजाडताच पाण्यात उतरावे, साडेदहाला परतीची दिशा धरावी आणि अकराच्या आत काठाला लागावे. मासे लागत असले तरीही. किंबहुना मासे लागत असतात तेव्हाच हा नियम मोडला जातो.

जाताना काठाकाठाने पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या उगमाकडे, वल्हवत जावे. दमलेले हात आणि सुटलेला वारा ही जोडी एकाच वेळी गाठ पडते, आणि अशा वेळी वारा पाठीशी असणे हा मोठा आधार असतो. परतताना लाटा मागून येतात आणि कयाकचे मागचे टोक बाजूला ढकलू पाहतात. अशा वेळी वल्हे थांबवून पाहत बसू नये, छोटे छोटे हात मारत राहावे, कारण चालत्या कयाकला दिशा राहते आणि थांबलेली कयाक लाटेला आडवी होते. वारा येण्याआधी पाण्यावर पश्चिमेकडून काळसर, खरखरीत पट्टा सरकत येताना दिसतो. तो दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत फार तर दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात रीळ गुंडाळून घ्यावे आणि काठ जवळ करावा.

जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून दमट हवा येते आणि दुपारी गडगडाटी वादळे होतात. पहिला गडगडाट ऐकताच पाण्यातून बाहेर पडावे, कारण हल्लीचे बहुतेक रॉड ग्रॅफाइटचे असतात आणि ग्रॅफाइट विजेचे वाहक आहे.

माझी फजिती अशी झाली. दुसऱ्या वर्षी दक्षिण काठावर दोन चांगले मासे लागले होते, घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते, आणि काठाने वळसा घालण्याऐवजी मी तळ्याच्या मधून सरळ उत्तरेकडे निघालो. मागे दोरा सोडलेला तसाच होता. अर्ध्यावर आडवा झोत आला. कयाक सावरण्यासाठी वल्हे उजवीकडे टेकवले, ते दोऱ्यात अडकले, आणि दोरा सोडवायला मी मागे वळलो तेव्हा धारकात नीट न खोचलेला रॉड रिळासकट पाण्यात गेला. खाली शंभर फुटांहून जास्त पाणी होते. मी उलटलो नाही, एवढेच. त्या दिवसापासून वल्हवणे आणि गरवणे ही दोन कामे मी एका वेळी एकच करतो, आणि मध्यापर्यंत जायचेच असेल तर दोरा पूर्ण गुंडाळून जातो.

थंड पाणी

पाणी बर्फ वितळून आलेले असते आणि मे महिन्यात हवा ऊबदार असली तरी पाणी हाडे गोठवणारे असते. पट्टीचा पोहणारा असलो म्हणून काय झाले, हा विचार इथे कामाचा नाही. थंड पाण्याबाबत १-१०-१ असा एक हिशेब शिकवला जातो: पहिल्या एका मिनिटात श्वास आवरत नाही, धाप लागते आणि तोंडात पाणी जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, पुढची सुमारे दहा मिनिटे हातापायांची उपयोगी हालचाल होऊ शकते, आणि शरीराचे तापमान उतरून शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी बोटे चालेनाशी होऊन बुडतो, आणि लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच तो एक तास हातात राहतो. फेब्रुवारी १९९० मध्ये ह्याच तळ्यावरचा बर्फ फुटून तीन किशोर पाण्यात पडले आणि त्यांना वाचवायला गेलेले चौघेही बुडाले. तो हिवाळा होता आणि कयाकचा त्याच्याशी संबंध नव्हता, परंतु मदतीला जाणाऱ्याचे हातपायही तितक्याच लवकर थिजतात, हे त्यावरून ध्यानात ठेवावे.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार कयाकमध्ये प्रत्येकासाठी एक लाइफ जॅकेट असले पाहिजे आणि तेरा वर्षांखालील मुलांनी ते घातलेलेच असले पाहिजे. मोठ्यांना ते घालण्याची सक्ती नाही, म्हणून अनेकजण ते पाठीमागे बांधून ठेवतात. पाण्यात पडल्यावर ते सोडवून अंगात घालणे जवळजवळ अशक्य असते. फुगवायच्या जॅकेटपेक्षा फोमचे घ्यावे, त्याने थंडीही थोडी अडते. खांद्याच्या पट्ट्याला शिट्टी बांधावी. आवाज करणारे साधन जवळ असणे हीही कायद्याची अट आहे. कपडे हवेकडे पाहून न निवडता पाण्याकडे पाहून निवडावेत: सुती काहीही नको, सुरुवातीच्या हंगामात निओप्रीनचा वेटसूट हवा, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत हवा.

पहिल्याच दिवशी, गळ हातात घेण्यापूर्वी, काठाजवळ छातीभर पाण्यात मुद्दाम उलटून पाहावे. वर बसायची कयाक (जिच्या पोटात न शिरता पाठीवर बसतात ती) उपडी झाली की तिच्या पोटावरून हात पलीकडे टाकून पलीकडची कड पकडावी आणि अंगाचा भार मागे टाकत ती आपल्याकडे ओढावी, म्हणजे ती सुलटते. मग बाजूला उभे न राहता पाय मागे पाण्यावर तरंगू द्यावेत, पाय मारत मारत कयाक पोटाखाली ओढून घ्यावी आणि पोट आसनाच्या वर आले की वळून बसावे. पोट, मग बूड, मग पाय, हा क्रम पाठ असावा. सुरुवातीलाच उभ्याने चढायला गेल्यास ती पुन्हा अंगावर उलटते.

कयाक आणि वल्हे

नव्या माणसाने दहा-अकरा फूट लांबीची आणि अडीच फुटांच्या आसपास रुंदीची, वर बसायची कयाक घ्यावी. ती वेगात मार खाते, परंतु मासा जाळ्यात घेताना डळमळत नाही. वल्हे दोरीने कयाकला बांधलेले असावे. रॉडही बांधावा, असे मी वरील अनुभवानंतर सांगतो; मात्र बांधायच्या दोऱ्या आखूड ठेवाव्यात आणि त्या कापायला चाकू जॅकेटवरच लावावा, कारण पाण्यात पायाला गुंतलेली दोरी ही वेगळीच आफत असते. वल्हवताना दंडाने ओढू नये. कंबर आणि पाठ वळवून, पाय टेकवणीवर दाबून हात मारावा. नव्याने आलेल्याचे खांदे अर्ध्या तासात भरून येतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. शिवाय ह्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे नेहमीपेक्षा लवकर दम लागतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरावे, पाणी भरपूर प्यावे, डोके दुखून मळमळत असेल तर काठावरच बसावे.

मासा कुठे असतो

ह्या तळ्यात मुख्यतः दोन जातींचे ट्राउट, म्हणजे गार गोड्या पाण्यातले मासे, आहेत. इंद्रधनुषी पट्ट्याचा रेनबो ट्राउट राज्याच्या मत्स्य विभागाकडून सोडला जातो. जवळच हॉट क्रीक येथे त्यांचे मासे वाढवण्याचे केंद्र आहे. दुसरा ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला, अंगावर काळे व लालसर ठिपके असलेला, वयाने आणि अकलेने मोठा. खरे तर ओवेन्स नदीच्या ह्या खोऱ्यात मुळात ट्राउट नव्हतेच. माणसांनी आणून सोडले, जसे आपल्याकडे काश्मीरमध्ये आणि निलगिरीत इंग्रजांनी सोडले.

ट्राउटला साधारण १० ते १५ अंश सेल्सियसचे पाणी मानवते आणि सारी विद्या ह्या एका गोष्टीभोवती फिरते. मे महिन्यात वरचे पाणीच तेवढे असते, म्हणून मासे काठाजवळ आणि वरच्या थरात मिळतात. ऑगस्टमध्ये वरचा थर तापतो आणि मासे खाली उतरतात. हंगामभर खात्रीची जागा म्हणजे पश्चिमेचे टोक, जिथे कॉन्व्हिक्ट क्रीक हा ओढा तळ्यात येऊन मिळतो. ओढ्याने आणलेली वाळू तिथे उथळ साचते आणि मग तळ एकदम खोल तुटतो. पाण्याचा रंग हिरवटावरून गडद निळा होतो ती कड वरून स्पष्ट दिसते. गार, प्राणवायूने भरलेले पाणी आणि वाहत आलेले किडे त्या कडेवर खाली उतरतात, आणि मासा उतारावर तोंड वर करून उभा असतो. सकाळचा पहिला तास ह्या कडेवर घालवावा.

कयाकवरून गरवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे मागे दोरा सोडून हळू वल्हवत राहणे, ज्याला इथे ट्रोलिंग म्हणतात (समाजमाध्यमांवरच्या प्रकाराशी त्याचा काही संबंध नाही). सहा-सात फुटांचा हलका रॉड, चार पौंडी तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि त्याला चमच्याच्या आकाराचे धातूचे छोटे आमिष किंवा दोन इंची लाकडी मासोळी पुरते. तीस मीटर दोरा सोडावा आणि रमतगमत चालण्याहूनही कमी वेगाने, ताशी दोन-अडीच किलोमीटरने, वल्हवावे. रॉडचे टोक एका लयीत थरथरत असेल तर वेग बरोबर आहे. थरथर थांबली तर वेग कमी पडला आहे किंवा गळाला शेवाळ अडकले आहे. सरळ रेषेत जाण्यापेक्षा नागमोडी जावे, कारण वळणावर आतल्या बाजूचे आमिष मंदावून खाली जाते, बाहेरच्या बाजूचे वेग घेते, आणि मागून नुसता पाहत येणारा मासा अशा बदलावरच तोंड टाकतो.

उन्हाळ्यात खोल जायचे तर शिशाची तार आत विणलेला दोरा वापरतात. तो दर दहा यार्डांवर रंग बदलतो, त्यामुळे खोली रंगांत मोजता येते: संथ वल्हवताना एका रंगामागे आमिष साधारण पाच फूट खाली जाते, म्हणजे सहा रंग सोडले की तीसेक फूट. कोणत्या रंगावर मासा लागला ते लक्षात ठेवावे, पुढचा मासा बहुधा तिथेच असतो. आमच्याकडे वावांत खोली मोजायचे त्याची मला ह्या दोऱ्यावरून आठवण होते.

स्थिर बसून गरवायचे असेल तर दोऱ्यावर सरकणारे शिसे ओवून, त्याच्यापुढे दीड-दोन फूट बारीक तंगूस आणि त्याला पॉवरबेट ह्या तयार आमिषाचा तरंगणारा गोळा, अशी रचना लोक करतात. शिसे तळाला बसते आणि गोळा त्याच्या वर दीड-दोन फूट तरंगतो. गांडूळही चालते. ह्यासाठी नांगर टाकावा लागतो, आणि तो उथळ पाण्यात, वारा नसतानाच टाकावा. नांगराची दोरी कयाकच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, किंवा मागच्या टोकाला बांधावी, बाजूला कधीही बांधू नये, कारण बाजूला बांधलेली कयाक वाऱ्याने आडवी होऊन उलटते.

मासा लागल्यावर

वल्हे मांडीवर आडवे टाकावे, रॉड धारकातून काढावा आणि टोक नाळेच्या दिशेने ठेवावे. दोरा किती ताणाला सुटावा हे ठरवणारा ड्रॅग आधीच सैल ठेवलेला असावा. चार पौंडी दोऱ्याला घाई सोसत नाही. मासा समोर असला तर तो कयाकलाच ओढत नेतो आणि त्यातच थकतो, आडवा असला तर तो रॉडबरोबर तुम्हालाही कलंडवतो. कयाकजवळ आला की तो हमखास एकदा पोटाखाली बुडी मारतो. त्या वेळी ओढाताण न करता रॉडचे टोक पाण्यात बुडवून नाळेला वळसा घालून दोरा मोकळा करावा. हातजाळे आधी पाण्यात बुडवून ठेवावे आणि मासा त्याच्यावर आणावा, जाळे घेऊन माशामागे धावू नये. आपले डोके कयाकच्या कडेबाहेर जाऊ देऊ नये. डोके बाहेर गेले की बाकीचे शरीर त्याच्या मागोमाग जाते.

मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. शक्यतो पाण्यातच गळ काढावा. ठेवायचा असेल तर लगेच मारून बर्फात टाकावा.

सोळा वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येकाला परवाना लागतो. वार्षिक परवाना विकत घेतल्यापासून ३६५ दिवस चालतो, आणि पाहुण्यांसाठी एक-दोन दिवसांचेही मिळतात. एकाच वेळी दोन रॉड टाकायचे तर त्याची वेगळी नोंद परवान्यावर घ्यावी लागते. हंगाम एप्रिलच्या शेवटच्या शनिवारपासून १५ नोव्हेंबरपर्यंत असतो आणि दिवसाला पाच ट्राउट ठेवता येतात. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात मत्स्य विभागाची नियमावली उघडून पाहावी. नुसत्या वल्ह्याच्या कयाकला नोंदणी लागत नाही, परंतु तिला विजेवरची छोटी मोटर लावली की नोंदणीही लागते आणि चालवणाऱ्याला राज्याचे बोटचालक कार्डही.

काठावर आल्यानंतर

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात सोनेरी शिंपल्यांची एक परदेशी जात प्रथम सापडली, आणि तेव्हापासून तळ्यांवर होड्यांची तपासणी कडक झाली आहे. ह्या शिंपल्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत आणि कयाकच्या भोकांत, आसनाच्या स्पंजात, नांगराच्या दोरीत उरलेल्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. म्हणून कयाक काठावरच उपडी करून पाणी काढावे, चिखल व शेवाळ धुवावे आणि दुसऱ्या पाण्यात उतरण्यापूर्वी ती पूर्ण वाळू द्यावी. काही तळ्यांवर कयाक ओलसर दिसली तरी परत पाठवतात, आणि पाच तास गाडी चालवून आलेल्याला ते फार झोंबते.

ह्या भागात काळी अस्वले आहेत. मासे साफ करण्याची जागा ठरवून दिलेली असेल तिथेच ते साफ करावेत, आतडी काठावर टाकू नयेत, आणि रात्री माशाचा डबा गाडीत न ठेवता मुक्कामाच्या तळावरच्या लोखंडी पेटीत बंद करावा. अस्वलाला वास आला तर गाडीचे दार त्याला फारसे अडवत नाही.

ट्राउटचे खवले इतके बारीक असतात की ते काढावे लागत नाहीत. गोड्या पाण्यातला मासा म्हणून आमच्या घरी आधी नाके मुरडली गेली होती. आता पोट साफ करून, दोन्ही बाजूंना आडव्या चिरा देऊन, हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचे आगळ लावून अर्धा तास ठेवतो, मग रव्यात घोळवून तव्यावर मंद आचेवर भाजतो. उंचीवर पाणी लवकर उकळते आणि भात शिजायला वेळ लागतो, त्यामुळे भात आधी टाकावा.